आधी पैसा दाखवा, मग भिंत पाडा

मुंबईच्या उपनगरातल्या कुठल्याही जुन्या वसाहतीतून चालत गेले तर एक दृश्य हमखास दिसते. चार मजली इमारत उभी होती तिथे आता पत्र्याचे कुंपण आहे. कुंपणावर नव्या टॉवरचे चित्र आहे, पण त्यातला निळा रंग उन्हाने पार विटला आहे. आत खड्डा आहे आणि खड्ड्यात गेल्या पावसाचे पाणी. ज्यांची घरे त्या जागी होती त्यांतले कुणी बदलापूरला, कुणी नालासोपाऱ्याला, कुणी लेकीकडे राहतात. भाड्याचा चेक आधी दहा दिवस उशिरा येऊ लागला, मग तीन महिन्यांनी एकदा, मग यायचाच थांबला. घर सोडताना ही माणसे स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होती. आज ती दर अकरा महिन्यांनी नवा करार करणारी भाडेकरू आहेत, आणि त्यांतल्या ज्येष्ठांना नव्या घराची किल्ली आपल्या हयातीत मिळेल का, याची खात्री कुणी देत नाही.

असे खड्डे येत्या काही वर्षांत वाढतील, अशी आम्हाला भीती वाटते. कारण साधे आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत बांधलेल्या हजारो लहान इमारती एकाच वेळी म्हाताऱ्या झाल्या आहेत. मुंबईत, ठाण्यात, डोंबिवलीत, पुण्याच्या पेठांत आणि कोथरुडात सोसायट्यांच्या सभा पुनर्विकासाच्या विषयावर रात्री उशिरापर्यंत चालतात. या सभांत सगळा जोर एकाच प्रश्नावर असतो : वाढीव जागा किती टक्के? एक विकासक तीस टक्के म्हणतो, दुसरा पस्तीस, तिसरा चाळीस आणि वर कॉर्पस म्हणून रोख रक्कम. सभा चाळीस टक्क्यांवर टाळ्या वाजवते. त्या चाळीस टक्क्यांचा पैसा कुठून येणार, कधी येणार आणि तो आला नाही तर आपण कुठे असू, हे विचारणारा सभासद एखादाच असतो. त्याला ‘अडथळा आणणारा’ म्हणून गप्प बसवले जाते.

मोठ्या वसाहतीचा पुनर्विकास आणि वीस-पंचवीस घरांच्या एकट्या इमारतीचा पुनर्विकास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोठ्या प्रकल्पात विक्रीची घरे शेकड्यांनी असतात. एका टप्प्यात पैसा अडकला तर दुसऱ्यातून निघतो. लहान इमारतीत तशी सोय नाही. समजा २४ घरांची सोसायटी आहे आणि जुन्या सभासदांची नवी घरे बांधून झाल्यावर विकासकाच्या वाट्याला विक्रीसाठी ६,००० चौरस फूट चटई क्षेत्र उरते. म्हणजे दहा-बारा फ्लॅट. भाव चौरस फुटाला ३०,००० रुपये धरला तर विक्रीचे येणे १८ कोटी. आता जाणे पाहा. २४ घरांना दरमहा ३०,००० रुपये भाडे म्हणजे महिन्याला ७ लाख २० हजार, तीन वर्षांत २ कोटी ५९ लाख. त्यात दरवर्षीची वाढ धरलेलीच नाही. महापालिकेचा प्रीमियम, टीडीआर म्हणजे विकत घ्यायचे हस्तांतरणीय विकास हक्क, परवानग्या, बांधकाम यांसाठी सरासरी १० कोटींचे कर्ज १५ टक्क्यांनी काढले तर महिन्याला साडेबारा लाख व्याज. म्हणजे काम थांबलेला प्रत्येक महिना जवळपास वीस लाख रुपये खातो. काम एक वर्ष रेंगाळले तर २ कोटी ३६ लाख गेले. त्याच वर्षात भाव दहा टक्के उतरले तर आणखी १ कोटी ८० लाख गेले. प्रकल्पातला सगळा नफा चार कोटींचा असेल तर तो तिथेच संपला आणि विकासकाला इमारत पूर्ण करण्यात काही राम उरला नाही.

हे आकडे आम्ही समजण्यासाठी मांडले आहेत. ते इमारतीगणिक बदलतील, गणित मात्र बदलणार नाही. चोवीस कुटुंबांचे छप्पर दहा-बारा अनोळखी ग्राहकांच्या खरेदीवर टांगलेले असते, आणि जितके टक्के सभेत जास्त पदरात पाडून घेतले तितकी विक्रीची जागा कमी होते, तितकी ही दोरी बारीक होते. चाळीस टक्के देणारा तीस टक्के देणाऱ्यापेक्षा उदार असतोच असे नाही. बऱ्याचदा तो फक्त अधिक घाईला आलेला असतो.

शिवाय रस्ता. मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या मूळ तक्त्यात उपनगरातल्या ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला प्रीमियमचा किंवा टीडीआरचा वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक नव्हता. सोसायटीतल्या किती जणांनी आपल्या गल्लीची रुंदी कधी मोजली आहे? शेजारच्या हमरस्त्यावरच्या इमारतीला जे मिळाले ते आपल्यालाही मिळेल, या समजुतीवर करार होतात आणि मंजुरीच्या टेबलावर ते गणित कोसळते. तोवर लोक घराबाहेर पडलेले असतात.

आता विकासकाच्या पैशाकडे वळू. रिझर्व्ह बँकेच्या धोरणानुसार बँका खासगी विकासकाला जमीन खरेदीसाठी कर्ज देत नाहीत. पुनर्विकासात जमीन विकत घ्यावी लागत नाही हे खरे, पण सुरुवातीचे सगळे मोठे खर्च एकही वीट रचण्याआधीचे असतात : भाडे, अनामत, कॉर्पसचा हप्ता, महापालिकेचा प्रीमियम, टीडीआर. परवानग्या हातात येईपर्यंत आणि विक्री सुरू होईपर्यंत बँकेचे दार बहुधा बंदच असते. लहान विकासकाकडे स्वतःचे भांडवल तुटपुंजे. मग तो बिगर बँकिंग वित्तसंस्थांकडे जातो, खासगी सावकाराकडे जातो, किंवा ओळखीच्या गुंतवणूकदारांना महारेरा नोंदणीच्या आधीच कमी भावात फ्लॅट देऊन पैसे उचलतो. हा पैसा महाग असतो आणि घाबरटही असतो. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस समूहाने देणी थकवली, पुढच्या वर्षी डीएचएफएल ही गृहवित्त कंपनी कोसळली, आणि वित्तसंस्थांनी बांधकाम क्षेत्राला दिलेला हात आखडता घेतला. मुंबई परिसरातले कितीतरी पुनर्विकास त्या वेळी जागच्या जागी थांबले. त्या सोसायट्यांनी काहीच चुकीचे केले नव्हते. आपल्या विकासकाचा सावकार कोण आहे आणि तो किती काळ टिकेल, एवढेच त्यांनी विचारले नव्हते.

गोरेगावच्या सिद्धार्थनगरची, म्हणजे पत्रा चाळीची कहाणी तर सर्वांसमोर आहे. ६७२ कुटुंबे, २००८ मधला करार, आणि नव्या घराची किल्ली हातात पडायला पंधरा वर्षांहून जास्त काळ. मूळ रहिवाशांची घरे बांधण्याआधीच विक्रीचे चटई क्षेत्र इतर विकासकांना विकून पैसा उचलला गेला, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. शेवटी म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, स्वतः उतरून घरे पूर्ण करावी लागली. ती सरकारी जमिनीवरची मोठी वसाहत होती, म्हणून विधिमंडळात आवाज उठला, वर्तमानपत्रांत रकाने भरले, म्हाडा आली. चोवीस घरांच्या सोसायटीसाठी कोण उतरणार?

या व्यवहारात आणखी एक माणूस आहे, ज्याच्याबद्दल फारसे लिहिले जात नाही. तो म्हणजे जुन्या इमारतीत घर विकत घेणारा छोटा गुंतवणूकदार. निवृत्तीचे पैसे आलेले शिक्षक, परदेशी नोकरी करणाऱ्या मुलाने पाठवलेल्या पैशांवर दुसरे घर घेणारे आईवडील, चाळीतली पागडीची खोली घेणारा दुकानदार. दलाल सांगतो, ‘आज वन आरके, तीन वर्षांत वन बीएचके. रिडेव्हलपमेंट नक्की आहे.’ जुन्या इमारतीचे उरलेले आयुष्य पाहून बँका गृहकर्ज द्यायला कचरतात, म्हणून हा माणूस राहते घर तारण ठेवतो किंवा वैयक्तिक कर्ज काढतो. भाडे येईल आणि त्यातून हप्ता जाईल, असा त्याचा हिशेब. इमारत रिकामी झाली की विकासकाकडून येणारे भाडे हाच त्याचा हप्ता, आणि ते भाडे थांबले की दुसऱ्या घराच्या हप्त्यापायी पहिले घर धोक्यात येते. गुंतवणूक करू नका, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याला ‘रिडेव्हलपमेंट नक्की’ सांगितले आहे त्याने सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, सभेचा ठराव झाला आहे का, विकासक नेमला असेल तर त्याच्या मागे कोणती वित्तसंस्था उभी आहे, हे तीन कागद पाहिल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये. पागडीच्या खोलीत तर मालकी जमीनमालकाची असते आणि भाडेकरूला हक्क मिळतात ते १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातून. ती खोली आणि सोसायटीचा फ्लॅट एकाच तागडीत तोलणे ही मोठी चूक आहे.

असे गुंतवणूकदार इमारतीत वाढले की एक गोष्ट हळूहळू घडते. दुरुस्ती थांबते. ‘पाडायचीच आहे, तर प्लास्टरवर पैसा कशाला?’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जुन्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ऐकू येते. तिथे न राहणारा मालक ते अधिक जोरात म्हणतो. मग करार व्हायला तीन वर्षे, मंजुरीला दोन, त्यात एखादी कोर्टकचेरी, आणि सहा-सात पावसाळे ती इमारत गळक्या गच्चीने, उघड्या पडलेल्या सळ्यांनी काढते.

मुळात दुरुस्तीसाठी पैसाच नसतो, आणि तो का नसतो याकडे कुणी पाहत नाही. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंडाचा किमान दर बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधीचा ०.७५ टक्के आहे. हा बांधकाम खर्च मूळचा, इमारत उभी राहिली त्या वेळचा. १९८० च्या सुमारास एका फ्लॅटच्या बांधकामाला समजा १ लाख रुपये लागले, तर त्या फ्लॅटने वर्षाला भरायचे २५० आणि ७५० रुपये. चोवीस घरांची इमारत अशा रीतीने वर्षाला २४,००० रुपये जमवते. आज एका मजल्याची परांची बांधून बाहेरचे प्लास्टर करायलाही ते पुरणार नाहीत. सर्वसाधारण सभेला हा दर वाढवता येतो, पण वाढवणारी सभा विरळा. चाळीस वर्षे आपण घराच्या म्हातारपणासाठी काही बाजूला ठेवले नाही, आणि आता ते सगळे ओझे एका विकासकाच्या खांद्यावर टाकून मोकळे व्हायची घाई झाली आहे. यात आपल्या सर्वांचा वाटा आहे. गुंतवणूकदाराने जुना फ्लॅट घेताना खिडकीतून दिसणारी मेट्रो पाहिली, सिंकिंग फंडाचे पासबुक मागितले नाही.

मुंबईच्या जुन्या शहराचा इतिहास हेच सांगतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली, आणि घरे पडू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आणि उपकर आणावा लागला. तेव्हा उपकर लागू झालेल्या इमारती १९ हजारांहून अधिक होत्या. अर्धशतक उलटून गेले तरी त्यांतल्या हजारो अजून तशाच उभ्या आहेत आणि दर मेमध्ये अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. दुरुस्तीचा पैसा कुठून येणार हे न ठरवता भाडे ठरवले, त्याचा हा परिणाम. आज उपनगरातल्या सोसायट्या वेगळ्या वाटेने त्याच जागी पोचत आहेत.

आणि दुरुस्तीच्या नावाखाली जे होते तेही भयंकर आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साई सिद्धी ही चार मजली इमारत कोसळून १७ माणसे गेली. तळमजल्यावरच्या रुग्णालयाच्या जागेत फेरबदल चालू होते आणि त्यांत इमारतीच्या खांबांना हात लावल्याचे पुढे आले. एका मालकाने आपल्या जागेचे मोल वाढवायला काढलेले काम वरच्या मजल्यांवरच्या कुटुंबांनी प्राण देऊन भोगले. तरीही रस्त्यालगतच्या तळमजल्यांवर दुकान मोठे करण्यासाठी, दोन खोल्या एक करण्यासाठी, भाड्याने द्यायला अटॅच बाथरूम काढण्यासाठी रोज हातोडे चालतात. कुठला खांब भार घेतो हे ठेकेदाराला ठाऊक नसते आणि संरचना अभियंत्याला विचारण्याचे पैसे वाचवले जातात. महापालिका कायद्यानुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. ते परीक्षण झाले का आणि अहवालात काय निघाले, हे सोसायटीच्या सूचना फलकावर लावायला कुणाची हरकत असावी?

कायदा कुठे आहे? सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली राज्य सरकारने २००९ मध्ये पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवली आणि ४ जुलै २०१९ रोजी ती सुधारली. विकासकाने प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांची बँक हमी द्यावी, असे त्यात म्हटले आहे. हेच ते एकमेव कलम, जे पैशाचा प्रश्न थेट विचारते. पण ही तत्त्वे मार्गदर्शक आहेत, अक्षरशः बंधनकारक नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने वेळोवेळी म्हटले आहे. व्यवहारात २० टक्क्यांची हमी घासाघीस करून पाच टक्क्यांवर येते, कधी ती टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरते, कधी तिच्या जागी दोन फ्लॅट गहाण ठेवल्याचा कागद येतो, जे फ्लॅट अजून बांधलेलेच नसतात. रेरा कायद्याने विक्रीच्या ग्राहकाला आधार दिला : त्याच्याकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात. पण तो आधार ग्राहकाला. त्याच इमारतीतल्या जुन्या सभासदाला, ज्याच्या जमिनीवर सगळे उभे राहणार आहे, त्याला सर्वसाधारणपणे ते कवच मिळत नाही. आणि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प तर नोंदणीतूनच सुटतात. म्हणजे सर्वात लहान इमारत सर्वात उघड्यावर.

धोकादायक उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडा कायद्यात घातलेले कलम ७९-अ मालकाला सहा महिने देते, त्याने काही केले नाही तर भाडेकरूंना सहा महिने देते, आणि मग म्हाडा पुढे येते. मुदती मोजणारा हा कायदा आहे. पैसा मोजणारा कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही.

स्वयंपुनर्विकासाकडे लोक आशेने पाहतात, आणि आम्हीही पाहतो. विकासकाचा नफा सभासदांकडे राहतो आणि निर्णय त्यांच्या हातात राहतो, हे मोलाचे आहे. १३ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयाने सरकारने त्याला सवलती जाहीर केल्या, मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने कर्जाचे दार उघडले, काही इमारती पूर्ण होऊन लोक राहायलाही गेले. पण हेही उघडपणे सांगितले पाहिजे की स्वयंपुनर्विकासात विकासकाची जोखीम नाहीशी होत नाही, ती सभासदांच्या अंगावर येते. दहा-बारा फ्लॅट विकायचे काम आता सोसायटीच्या कार्यकारिणीचे. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने जिल्हा आणि राज्य सहकारी बँकांना निवासी प्रकल्पांना कर्ज देण्याची मुभा दिली, पण एकूण मालमत्तेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. एवढ्या घागरीतून किती इमारतींची तहान भागणार? आणि ज्या सोसायटीच्या नावावर जमीनच नाही, जिचे मानीव अभिहस्तांतरण वर्षानुवर्षे पडून आहे, तिला कुठलीही बँक कशाच्या तारणावर पैसे देणार? अभिहस्तांतरण हे पुनर्विकासाच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेतले शेवटचे नव्हे, पहिले काम आहे.

सरकारने एक गोष्ट ताबडतोब करावी. महापालिका विकासकाला आयओडी देते, म्हणजे प्रस्तावाला मान्यता देते, त्यात पन्नास अटी असतात. त्यांत एक अट घालावी : प्रकल्पाच्या पूर्ण खर्चाची तजवीज वित्तसंस्थेच्या मंजुरीपत्रासह सिद्ध झाल्याशिवाय आणि किमान चोवीस महिन्यांचे भाडे सोसायटीच्या सहीशिवाय न निघणाऱ्या एस्क्रो खात्यात जमा झाल्याशिवाय एकाही रहिवाशाला घर रिकामे करायला लावता येणार नाही आणि पाडकाम करता येणार नाही. इमारत अतिधोकादायक असेल आणि तात्काळ रिकामी करावी लागत असेल, तर संक्रमण शिबिराची जबाबदारी सरकारची. सहकार कायद्यातल्या ७९-अ ची २० टक्के हमी मार्गदर्शक न राहता कायद्यात यावी. जुन्या सभासदांना महारेराच्या कक्षेत आणावे आणि ५०० चौरस मीटरची पळवाट निदान पुनर्विकासापुरती बुजवावी.

विकासक म्हणतील, अशा अटींनी लहान इमारतींना कुणी हातच लावणार नाही. काही इमारतींबाबत ते खरे ठरेल. ज्या इमारतीचे गणित चोवीस महिन्यांचे भाडे बाजूला ठेवल्यावर बसत नाही, ते आधीही बसत नव्हते. फक्त ते बसत नाही हे रहिवाशांना घर गेल्यावर कळत होते. अशा इमारतींसाठी शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी एकत्र येऊन भूखंड जोडणे, वाढीव टक्क्यांचा हट्ट कमी करणे, किंवा नीट अभियंता नेमून मजबुतीकरण करून आणखी पंधरा वर्षे काढणे, हे मार्ग आहेत. ते चाळीस टक्क्यांइतके आकर्षक नाहीत. पण त्यांत रात्री झोपायला आपले घर असते.

सोसायट्यांनी सरकारची वाट पाहायचे कारण नाही. येत्या सर्वसाधारण सभेत विकासकाचा प्रतिनिधी रंगीत चित्रे लावायला उभा राहील तेव्हा सभासदांनी त्याच्याकडून वाढीव टक्क्यांचा तक्ता घेण्याआधी चार कागद मागावेत : कर्जदात्या संस्थेचे मंजुरीपत्र, त्या कर्जाला काय तारण दिले त्याचा मसुदा, याआधी पूर्ण केलेल्या इमारतींचे भोगवटा दाखले, आणि त्या इमारतींतल्या रहिवाशांना भाडे कोणत्या तारखांना मिळाले त्याची बँकेची नोंद. सोसायटीची जमीन गहाण टाकली जाणार नाही, फक्त विक्रीचा हिस्साच तारण राहील, हे वाक्य करारात आपल्या वकिलाने शब्दशः वाचून घ्यावे. कागद पुढच्या बैठकीला आणतो, असे उत्तर आले तर पाडकामाचा ठरावही पुढच्या बैठकीपर्यंत थांबवावा आणि तोवर गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घ्यावे.